वेलाचा पहिला दुधी

माझ्या सासूला मी मामी म्हणते. आमच्या भागात तशीच रीत आहे, सासू ती मामी आणि सासरा तो मामा. ही रीत ज्यानं पाडली तो माणूस शहाणा असला पाहिजे, कारण "मामी" म्हणून भांडायला सुरुवात केली की निम्मं भांडण तोंडातच विरून जातं. आमच्या मामींचं नाव चांगुणाबाई. मुखेडात आमच्या गल्लीत त्यांची ओळख एकाच गोष्टीची, त्यांच्या हातची साधी भाजी.

साधी म्हणजे किती साधी, तर लग्नात माझ्या माहेरहून काळ्या मसाल्याची मोठी बरणी आली होती. मामींनी ती कौतुकानं फळीवर ठेवली आणि ती बरणी तिथंच म्हातारी झाली. "भाजीला तिची चव असती," त्या म्हणायच्या. "मसाला कवा लागतो? भाजी शिळी असली तर, न्हाई तर बाई आळशी असली तर." मी यातली कोणती हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण बघायच्या माझ्याकडंच.

त्यांची पद्धत अशी. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की निम्मी भाजी मोरीत गेली म्हणून समजा. पातेल्यात चमचाभर तेल, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, वर भाजी आणि मीठ. मग पातेल्यावर ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. खाली भाजी आपल्याच पाण्यात शिजते आणि वर ताटलीतलं पाणी तापतं. भाजी कोरडी पडली तर तेच तापलेलं पाणी घालायचं, गार पाणी कधी नाही. गार पाण्यानं भाजी दचकते, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा हसले होते, पण माझी भाजी खरंच दचकलेली व्हायची आणि त्यांची नाही.

आणि एक सवय. दुधी, दोडका, काकडी, जे जे वेलावर लागतं, त्याची देठाकडची एक चकती कापून त्या कच्चीच जिभेवर ठेवायच्या. कडू लागली की अख्खं फळ बाहेर. बाजारात शेजारच्या मकबूलभाईंची बायको फरीदा भाजी घेऊन बसते. तिच्यासमोरसुद्धा त्या दोडक्याचं टोक मोडून चाखायच्या आणि ती काही बोलायची नाही. "वेलाचा भरवसा नसतो," मामी म्हणायच्या. "एकाच वेलाची चार फळं गोड, पाचवं कडू. माणसाच्या घरात बी तसंच असतं." असं म्हणून परत माझ्याकडं बघायच्या. मी शिलाई मशीनचं पायडल जोरात मारायचे, म्हणजे ऐकू आलं नाही असं होतं. सांगायचं इतकंच की चाखल्याशिवाय या बाईनं आयुष्यात दुधी शिजवला नव्हता.

गेल्या वर्षी वर्षावासात तो शिजवला.

पावसाळ्यात आमच्या विहारात भन्ते मुक्कामाला असतात आणि रोज एका घरानं त्यांना भोजनदान द्यायचं असतं. त्या वर्षीचे भन्ते वयस्कर होते. अंगानं वाळलेले, आवाज मऊ, शुगर होती आणि पोटात अल्सर. डॉक्टरनं तिखट बंद केलेलं. बायका दान द्यायला उत्साही, पण तिखट न घालता भाजी कशी करायची हे कुणाला ठाऊक? एकीनं म्हणे नुसता बटाटा उकडून वाढला. आमची पाळी आली तेव्हा मामी सुखावल्या. बिनतिखटाची भाजी म्हणजे त्यांचाच विषय.

आमच्या घरामागं मोरीच्या पाण्यावर एक दुधीचा वेल आपोआप उगवला होता. बी कुणी टाकलं, कुठून आलं, कुणालाच माहीत नाही. तो वाढून पत्र्यावर चढला. मध्ये पावसानं बरेच दिवस दडी मारली, पत्रा तापला, वेल सुकून लोंबायला लागला. मामींनी भांडी धुतलेलं पाणी घालून घालून तो जगवला. मग पाऊस परत आला आणि त्याला एक दुधी धरला. माझ्या लेकीला, लुंबिनीला, त्याची भजी हवी होती. मामी म्हणाल्या, पहिलं फळ भन्तेंचं.

दानाच्या दिवशी सकाळी त्या विळीवर बसल्या. आम्हा सगळ्यांसाठी चवळीच्या शेंगा आणि भन्तेंसाठी वेगळ्या लहान पातेल्यात दुधी. मी दारात उभी राहून बघत होते. साल काढलं, उभा चिरला, फोडी केल्या. हात जिभेकडं गेला नाही.

"मामी, चाखला न्हाई?" मी विचारलं.

"भन्तेचा हाय तो."

"म्हणून तर विचारून राहिले."

त्यांनी विळी आडवी केली. "माझी माय, भीमा, ल्हान होती तवा गावात घरोघर फिरून लोकांचं उष्टं आणायची. टोपल्यात. तेच घरात वाटून खायचे. चाकूरकडं आमचं गाव. धम्म घेतला त्या साली माझ्या आज्यानं ते टोपलं चुलीत घातलं, उपाशी राहू म्हणला पण उष्टं न्हाई. आन् मी आज भन्तेच्या पुढं तोंड लावलेलं वाढू?"

"तोंड कुठं लावता? चकती तर कापून घ्यायची."

"चकती त्याच दुधीची ना?"

ही गोष्ट त्यांनी मला आधी कधी सांगितली नव्हती, आणि सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता की पुढं बोलणं म्हणजे भीमाआजीच्या टोपल्याला हात लावणं. पातेल्यावर ताटली बसली. ताटलीत पाणी पडलं.

भन्ते आले. त्रिशरण पंचशील झालं. मामींनी वाढलं, पोळी, वरण, भात, आणि दुधीची भाजी सढळ हातानं. पहिल्या घासाला ते थांबले. मी समोरच होते म्हणून मला दिसलं. मला वाटलं, गरम लागलं असेल. मामी हात जोडून म्हणाल्या, "वेलाचा पहिला हाय भन्ते. तुमच्यासाठीच ठेवला होता."

त्यांनी मामींकडं बघितलं. मग खाली बघून जेवत राहिले. भाजी संपली तशी मामींनी परत पळी पुढं केली, भन्ते क्षणभर थबकले, आणि पात्र पुढं धरलं. जेवण झाल्यावर ते खूप पाणी प्याले. आशीर्वाद देऊन गेले तेव्हा मामींचा चेहरा असा उजळला होता की मी मनात म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत मला टोमणा बसणार नाही.

मग आम्ही जेवायला बसलो. रविकांत, माझे मिस्टर, पंचायत समितीत आहेत, त्यांनी अर्धी रजा टाकली होती. मामींनी लहान पातेल्याच्या तळाला राहिलेल्या दोन फोडी भाकरीवर घेतल्या. दान झालेलं उरलं की ते घरच्यांनी घ्यायचंच. घास तोंडात घातला आणि त्या चावायच्या थांबल्या.

त्यांनी घास हातावर थुंकला. मी विचारलं काय झालं. पातेलं माझ्याकडं सरकवलं. मी बोट फिरवून जिभेला लावलं. कारलं कडू असतं, मेथी कडू असते, ते कडूपण मला माहीत आहे. हे त्यातलं नव्हतं. जीभ आतल्या आत ओढली गेली, कानशिलं आवळली, आणि पाणी प्यालं तरी ते घशातून जाईना. आणि मी नुसतं बोट लावलं होतं.

"त्यांनी दोनदा घेतली," मामी म्हणाल्या.

रविकांत म्हणाले, "कडू हाय तर कडू. पोटाला चांगलंच असतं. तुम्ही दोघी उगा..."

"गप," मामी म्हणाल्या. मुलाला त्या असं कधी बोलत नाहीत. "लातूरला एक बाई मेली होती. कडू दुधीचा रस पिऊन. मला ठावं हाय." त्या उठल्या आणि तशाच, उष्ट्या हातानं, दाराकडं निघाल्या. मी भन्तेंचा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला.

शेजारच्या मकबूलभाईंची रिक्षा दारातच होती. ते जेवत होते, ताट सारून उठले. मामी रिक्षात बसल्या, मी बसले, रविकांत पुढं. जाताना मी बघितलं तर मामींच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दुधीचा शेंड्याकडचा कापून ठेवलेला कच्चा तुकडा. तो त्यांनी कधी उचलला हे मला कळलंच नाही.

"आपा, फिकर करू नका. चाललो ना," मकबूलभाई म्हणाले.

मामी काही ऐकत नव्हत्या. त्यांचा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरला होता. रस्त्यात बैल आडवे आले, मकबूलभाईंनी हॉर्न धरला, आणि मला वाटलं की आपण पोचू तेव्हा विहाराबाहेर माणसं उभी असतील. तसं काही नव्हतं. विहाराबाहेर कुणीच नव्हतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

भन्ते ओसरीवर चटईवर पडले होते. शेजारी बादली. विहाराची देखभाल करणारे आनंदराज काका त्यांना लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न करत होते. "पित्त खवळलं," काका म्हणाले. "तीनदा उलटी झाली. दवाखान्यात चला म्हणलं तर नको म्हणून राहिले."

भन्तेंचं कपाळ घामानं भिजलं होतं आणि हात लावला तर गार. ओठांचा रंग गेला होता. मामी पायाशी बसल्या. त्यांना पाहून भन्तेंनी डोळे उघडले आणि हळू विचारलं, "चांगुणाबाई, भाजीत कारल्याचा रस घातला होता का?"

"न्हाई भन्ते."

"मला वाटलं, शुगरसाठी घातला असंल. लोक देतात कडू काहीबाही. कडुनिंब देतात, मेथ्या देतात." ते दम खात बोलत होते. "म्हणलं, बाईनं एवढ्या मायेनं औषध केलं, तर पात्रात ठेवायचं कसं."

"औषध न्हाई भन्ते," मामी म्हणाल्या. "दुधीच कडू होता. मी चाखला न्हाई."

भन्तेंच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. मी विहारात वर्षानुवर्षं प्रवचनं ऐकली आहेत, अनित्य आहे, सगळं अनित्य आहे, आणि भन्तेंच्या तोंडावर भीती दिसू शकते हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. तेवढ्यात त्यांना पुन्हा उमळून आलं आणि या वेळी बादलीत लाल दिसलं.

त्यानंतर दवाखान्यात नको असं कुणी म्हणालं नाही. आनंदराज काका आणि मकबूलभाईंनी त्यांना उचललं. रिक्षात बसायच्या आधी रविकांतनी मामींना बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"आई, डॉक्टरनं इचारलं तर घरचं म्हणू नको. विहारात कुणी बी आणून देतं म्हण. विषबाधा म्हणलं की पोलिसांला कळवतात. बयान घेतील, पेपरात येईल. भन्तेचं काही झालं तर लोक आपल्याला गावात राहू देतील का?"

माझ्या नवऱ्याला मी इथं नावं ठेवणार नाही. खरं सांगायचं तर त्यांनी जे बोलून दाखवलं तेच माझ्या मनात चाललं होतं. लुंबिनी शाळेतून येईल, तिला कुणी काय बोलेल, इथपर्यंत मी पोचले होते. मामींनी मुलाच्या तोंडाकडं बघितलं आणि रिक्षात चढल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं नाडी बघितली, बीपी बघितला आणि सिस्टरला आवाज दिला. मग वळून विचारलं, "काय खाल्लं होतं?"

आनंदराज काकांना काही माहीत नव्हतं. रविकांत म्हणाले, "विहारात असतात ते. दानाचं..."

"माझ्या हातची दुधीची भाजी," मामी म्हणाल्या. पिशवीतला तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. "वेल आपसूक उगवलेला होता. कडू निघाला. मी चाखला न्हाई, आन् दोनदा वाढला. तुमाला लिहायचं ते लिवा, पर आधी यांना बघा."

डॉक्टरनं तुकडा उचलला, नख लावून जिभेच्या टोकाला टेकवला आणि लगेच थुंकला. त्यानंतर तो आमच्याशी बोललाच नाही. दोन्ही हातांना सलाईन, इंजेक्शनं, फोनवर नांदेड. हे पित्त म्हणून आलं असतं तर मी गोळी देऊन बसवून ठेवलं असतं, असं तो नंतर आनंदराज काकांना म्हणाला. आत्ताही काही सांगता येत नाही, असंही म्हणाला. ॲम्ब्युलन्स आली, भन्तेंना नांदेडला घेऊन गेली. काका बरोबर गेले. मामींना बसू दिलं नाही. गाडी गेली त्या रस्त्याकडं बघत त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या, आणि त्यांना घरी न्यायला मला आणि मकबूलभाईंना दोन्हीकडून धरावं लागलं.

पोलीस आले, एक हवालदार. त्यानं बयान घेतलं, चहा प्याला आणि गेला. तेवढंच. पण त्यानंतरचे दिवस मला त्या दिवसापेक्षा वाईट गेले. काकांचा फोन आला की आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो, उचलायचा कुणी. किडनीवर ताण आहे. अजून रक्त पडतंय. आज डोळे उघडले. आज नाही उघडले. मामी फोनच्या जवळ येत नसत. मोरीपाशी जाऊन उभ्या राहत आणि मी आवाज दिला की वळत.

गल्लीत कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बायका दारावरून जाताना पाय भराभर उचलायच्या. गुणाबाई समोर राहतात, मामींची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, रोज वाटीभर भाजीची देवाणघेवाण. त्यांची वाटी आली नाही. मी एकदा आमच्याकडून पाठवली, ती लुंबिनीनं तशीच परत आणली. "गुणाआजी म्हणली, जेवण झालंय." सकाळचे नऊ वाजले होते.

एका दुपारी मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माया, भगवंताला शेवटचं जेवण ज्यानं दिलं, तो लोहार. त्याचं पुढं काय झालं असंल गं?"

विहारात ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलेली, त्याच्या घरचं जेवून बुद्ध आजारी पडले आणि गेले. मी म्हटलं, "भगवंतानं निरोप धाडला होता ना मामी, त्याला कुणी दोष देऊ नका म्हणून."

"निरोप भगवंताचा," त्या म्हणाल्या. "लोकांचा न्हाई."

त्यांनी स्वयंपाक सोडला. मी करायचे, त्या माझ्या मागं उभ्या राहायच्या. आधी फक्त वेलाची फळं चाखायच्या, आता टोमॅटो, वांगं, भेंडी, कोथिंबिरीची काडीसुद्धा. वाढून झालं की आधी स्वतः एक घास घ्यायच्या आणि मग बसून राहायच्या, आम्हाला हात लावू द्यायच्या नाहीत. लुंबिनीला भूक निघायची नाही. तिनं एकदा ताटाकडं हात नेला तर मामींनी तिचं मनगट इतकं जोरात धरलं की पोर रडायला लागली. मला राग आला. मी बोललेही काहीतरी. पण त्या रात्री मी स्वतः भातसुद्धा चाखून मगच पोरीला वाढला, तेव्हा कळलं की हे दुखणं मलाही लागलं आहे.

वेल रविकांतनी उपटला. त्याला आणखी दोन कोवळे दुधी धरले होते. मामींनी ते उकिरड्यावर टाकू दिले नाहीत, एखादी शेळी खाईल म्हणून. परसात खड्डा करून पुरले आणि वर दगड ठेवला.

भन्ते वाचले. काकांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मामी रडल्या नाहीत, हसल्या नाहीत. नुसतं विचारलं, "जेवतात का?" जेवत नव्हते. बऱ्याच दिवसांनी त्यांना विहारात परत आणलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, मऊ भात आणि साधी भाजी, तिखट तेल नको, थोडं थोडं.

आता गंमत बघा. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द नाही. अख्ख्या वस्तीनं भन्तेंना दान आणलं, ते बिस्किटांचे पुडे. ब्रेड, टोस्ट, शहाळी, ग्लुकोजचे डबे. सगळं बंद पाकिटातलं. शिजवलेलं कुणीही आणलं नाही. मी दर्शनाला गेले तेव्हा फळी पुड्यांनी भरली होती आणि भन्ते चहात बिस्किट बुडवून खात होते, शुगर असलेला माणूस. जी ती मनात म्हणत असणार, माझ्या हातून काही झालं तर? चांगुणाबाईचं बघितलं ना. त्यांना तरी काय बोलणार, मीही दोन पुडेच नेले होते.

मग एके सकाळी आनंदराज काका आले. दारातच उभे राहिले. "भन्ते म्हणले, कुणी शिजवलेली भाजी देईल का बघा. अंगात ताकद न्हाई राहिली." मामी आत होत्या. काका जरा थांबून म्हणाले, "नाव कुणाचं घेतलं न्हाई त्यांनी."

मी म्हटलं, मी करते. पालक करते, पालक कधी कडू निघत नाही.

"पालक त्यांच्या पोटाला झेपायचा न्हाई," आतून मामी म्हणाल्या. त्या बाहेर आल्या. "दोडका लागंल. कोवळा."

बाजारात फरीदानं स्वतः दोडके निवडून दिले. मामींनी प्रत्येकाचं टोक मोडून चाखलं, तिथंच. घरी आल्यावर धुतले, शिरा काढल्या, आणि प्रत्येक दोडक्याची देठाकडची चकती, मधली चकती, शेंड्याची चकती. चाखायच्या, थांबायच्या, मला द्यायच्या. मीही चाखायचे. "गोड हाय ना? खरं सांग." गोड होता. त्यांचा विश्वास बसेना. मी विळी मागितली, ती दिली नाही. चमचाभर तेल, जिरं. लसूण नको, पोटाला जळजळेल. फोडी, मीठ. ताटली, ताटलीत पाणी. पाणी तापेपर्यंत आम्ही दोघी पातेल्याकडं बघत बसलो. शिजल्यावर त्यांनी एक फोड मला दिली, एक स्वतः घेतली. मग डबा भरला.

मकबूलभाईंनी विहारात सोडलं. भन्ते बारानंतर जेवत नाहीत, पण बाराला अजून अवकाश होता. भन्ते खांबाला टेकून बसले होते, चीवर खांद्यावर मोठं झाल्यासारखं दिसत होतं. मामींनी नमन केलं, मऊ भात वाढला, बाजूला दोडक्याची भाजी. वाढून मागं सरल्या.

भन्तेंनी पात्रात बघितलं. बोटांनी भात आणि भाजी कालवली. घास केला, उचलला, आणि हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी घास परत पात्रात ठेवला. काका पुढं झाले, भन्तेंनी मानेनं नको म्हटलं. दुसऱ्यांदा घास केला. परत तेच.

"चांगुणाबाई," ते म्हणाले, "लोकांना सांगत असतो मी, मरणाचं भेव सोडा म्हणून. हात वर जाईना माझा."

मला वाटलं मामी आता कोसळतील. डबा आवरून घरी चला म्हणतील आणि पुन्हा कधी चुलीपुढं बसणार नाहीत. मामी उठल्या, भन्तेंच्या समोर जाऊन जमिनीवर बसल्या. असं भन्तेंच्या समोर बसून कुणी जेवत नाही. त्यांनी डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात भाजी घेतली, भात घेतला, आणि कुणाला काही न विचारता खायला लागल्या. घाई केली नाही. झाकणातलं सगळं संपवलं, बोटं चाटली.

"मला बी लई भेव वाटून राहिलं भन्ते," त्या म्हणाल्या. "जरा बसू. काही होत न्हाई असं दिसलं की मग घ्या."

भन्ते बसून राहिले. मामी बसून राहिल्या. आम्हीही कुणी हललो नाही. बाहेर मकबूलभाई रिक्षाची काच पुसत होते, त्या फडक्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला आणि मामींना काही झालं नाही.

मग भन्तेंनी घास उचलला. थोडा भात मांडीवर सांडला. घास तोंडात गेला. ते चावत होते आणि त्यांची नजर मामींच्या तोंडावर होती, मामींची त्यांच्या तोंडावर.